पाच दिवसांचा खोकला

पाहणीवाल्या बाईंना बसायला जागा हवी होती. कचेरीतल्या शिपायानं गिरणी सुचवली. सावली आहे, बाकडं आहे, चार्जिंगला बटण आहे आणि मुख्य म्हणजे तिथं गर्दी नसते, असं त्यानं सांगितलं. गिरणीवाला शेजारीच उभा होता. त्याच्या देखतच सांगितलं. टोचायचा हेतू नव्हता. नळाला पाणी नाही, हे नळाजवळ उभं राहून सांगावं तसं सांगितलं.

गर्दी नव्हती हे खरंच होतं. साथ ओसरून आठ महिने झाले होते. शाळा भरत होती, बाजार भरत होता, माणसं पुन्हा एकमेकांच्या कानाला लागून बोलत होती. गिरणीचं दारही रोज सकाळी सातला उघडत होतं. गिरणीवाला पट्ट्यावरची धूळ पुसायचा, मोटर पाच मिनिटं रिकामी फिरवायचा आणि बंद करायचा. मग बाकड्यावर बसून रस्त्यानं जाणारे डबे बघायचा. डबे सायकलींच्या कॅरिअरवर बांधलेले असायचे आणि पलीकडच्या गावच्या गिरणीत चाललेले असायचे. सायकलवाला गिरणीसमोर आला की नेमकी त्याला चेन बघावीशी वाटायची. मान खाली घालून, चेन बघत तो पुढं निघून जायचा. इतक्या नादुरुस्त चेनी त्या गावात साथीच्या आधी नव्हत्या.

"महिनाअखेरपर्यंत बघू," गिरणीवाल्याची बायको म्हणायची. "नाहीतर मोटर विकून टाकू आणि माझ्या भावाकडं जाऊ. गोदामात माणसं लागतात म्हणाला."

"मी गोदामात काय करू?"

"पोती उचला. इथं तरी दुसरं काय केलंत आयुष्यभर?"

तिसरा माणूस घरात म्हणजे आबा, गिरणीवाल्याचे वडील. चाळीस वर्षं गिरणीच्या आवाजात काढल्यामुळं त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि आपल्याला येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही, अशा समजुतीनं ते बोलत. घरातली गोष्ट घरात राहायची सोय नव्हती.

पाहणीवाल्या बाई वयानं लहान होत्या, पण सगळ्यांनी त्यांना बाई म्हणायचं ठरवलं, कारण त्यांच्या हातात टॅब होता. साथीमुळं माणसांचा एकमेकांवरचा विश्वास किती कमी-जास्त झाला हे मोजायला त्या आल्या होत्या. मोजायचं कसं, तर प्रश्न विचारायचा आणि चार उत्तरांतलं एक निवडायचं. पूर्ण, बऱ्यापैकी, थोडा, अजिबात नाही.

त्या दिवशी गिरणीत चाळीस माणसं आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा रांग लागली. कुणाच्याच हातात डबा नव्हता.

पहिला नंबर रेडिओचा. खरं नाव काही तरी होतं, पण गावातली बातमी आधी त्याच्या तोंडून येत असल्यानं ते कुणी वापरत नव्हतं.

"तुमचा शेजाऱ्यांवर किती विश्वास आहे?" बाईंनी विचारलं.

"पूर्ण."

"साथीच्या आधी?"

"तेव्हाही पूर्ण. आणि आता तर जास्तच."

"पूर्णपेक्षा जास्त असं उत्तर नाहीये."

"मग पूर्णच लिहा. पण जरा ठसठशीत लिहा."

"आजारातून बरं झालेल्या माणसाच्या घरी तुम्ही पाणी प्याल?"

"बाई, पाणी काय, जेवेन." आणि रेडिओनं कोपऱ्यातल्या गिरणीवाल्याच्या माठाकडं नजर जाऊ नये म्हणून छताकडं पाहिलं.

गिरणीवाला दगडाला टेकून उभा होता. एकामागून एक माणसं पूर्ण विश्वास सांगून जात होती. त्यांतल्या प्रत्येकाचा डबा तो रंगावरून ओळखत होता. कुणाचा पिवळा, कुणाचा चेपलेला, कुणाचं झाकण दोरीनं बांधलेलं. डब्यावर नाव लिहायची त्या गावात पद्धत नव्हती. डबा सकाळी ठेवायचा, संध्याकाळी न्यायचा, मध्ये काय झालं ते विचारायचं नाही. आधीच्या माणसाचं ओंजळभर पीठ दगडात अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात येतं, आणि त्याचं आपल्यात राहतं ते त्याच्या पुढच्याला जातं. असं सगळ्या गावाचं पीठ थोडं थोडं सगळ्या गावात फिरत होतं. गव्हात मका आला तर बायका तक्रार करायच्या. एवढीच तक्रार होती.

शेवटी मास्तर आले. त्यांनी मुलांना खरं बोलायला शिकवण्यात हयात घालवली होती. त्यांनीही "पूर्ण" सांगितलं, पण सांगताना त्यांचे कान लाल झाले. तासाभरानं ते पुन्हा आले, या वेळी डबा घेऊन.

"पाचेक किलो आहे. सावकाश दळ," ते म्हणाले.

गिरणीवाल्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला. मोटर सुरू केली. पट्टा फडफडला आणि लाकडी चौकटीसकट घर थरथरलं. पण दगडाचा आवाजच त्याला आवडला नाही. पिठाच्या धारेखाली हात धरला तर पीठ गरम होतं आणि बोटांना कणी लागत होती. दगडाची धार गेली होती. साथीच्या आधीच छिन्नीनं टाकी लावायला हवी होती, ती राहून गेली होती. ते पीठ त्यानं तसंच मास्तरांना दिलं. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांची बायको बोलली, पण आपल्या घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गावाला कारण मिळालं. आता चेन बघायची गरज उरली नाही. माणसं सायकल थांबवून तोंडावर सांगू लागली.

"काय करणार, तुझा दगड गेलाय. जाड पीठ पोराच्या पोटाला बाधतं. नाहीतर आम्ही कशाला एवढी तंगडतोड करतोय?"

सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती.

दुपारी बाईंनी गिरणीवाल्याला समोर बसवलं. तो त्यांच्या यादीत शेवटचा होता.

"तुम्ही आजारी होतात?"

"हो. गावातला पहिला."

"लक्षणं दिसल्यावर किती दिवसांनी सांगितलंत?"

बायको तिकडं झाडत होती. झाडूचा आवाज थांबला.

"त्याच दिवशी," गिरणीवाला म्हणाला.

बाईंनी टॅबवर बोट टेकवलं. झाडू पुन्हा चालू झाला, पण एकाच जागी.

बाई हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या तशी बायको समोर येऊन उभी राहिली.

"त्याच दिवशी?"

"जाऊ दे."

"पाच दिवस दळत होतात. तोंडाला पंचा बांधून. कुणी विचारलं तर पिठाचा खोकला आहे म्हणत होतात."

"पिठाचाच वाटला मला. गिरणीवाल्याला खोकला नवा आहे का? माझा आजोबा खोकतच गेला."

"पहिले दोन दिवस वाटला. तिसऱ्या दिवशी अंग तापलं होतं. मी हात लावला होता कपाळाला."

तिसऱ्या दिवशी दारात सव्वीस डबे होते. गाव बंद होणार अशी बोलवा होती आणि जो तो महिन्याचं दळण एकदम घेऊन आला होता. सव्वीस डबे ठेवून दार कसं लावायचं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. चौथ्या दिवशी शेजारच्या सुताराची आई आली. तिला सगळे मावशी म्हणायचे. नंबरला वेळ होता म्हणून ती उंबऱ्यावर बसली आणि त्याच्याकडं तोंड करून दोन तास बोलत राहिली. मोटरच्या आवाजात तिचं ऐकू येईना म्हणून तोच वाकून तिच्या तोंडाजवळ कान नेत होता.

सहाव्या दिवशी तो चक्कर येऊन पडला तेव्हा गावाला कळलं. कचेरीच्या हुकुमानं त्याच्या दारावर आडव्या फळ्या ठोकायचं ठरलं. गावात सुतार एकच. तो आला आणि काही न बोलता चार फळ्या ठोकून गेला. दोघांच्या घरांत एकच भिंत होती. आत पडल्या पडल्या गिरणीवाल्याला पलीकडून मावशीचा खोकला ऐकू यायला लागला. अकराव्या दिवशी तो थांबला. बरं वाटत असेल, असं बायको म्हणाली. मग पलीकडून सामान हलवल्याचे आवाज आले, आणि तेव्हा ती काही म्हणाली नाही. चौदा दिवसांनी सुतारानं येऊन फळ्या काढल्या. एकेक खिळा उपटून, दगडावर ठेवून सरळ केला आणि खिशात टाकला. त्यानंतर दोघं बोलले नव्हते.

बाई हात पुसत परत आल्या. गिरणीवाला उठून उभा राहिला.

"बाई, ते मघाचं उत्तर बदलायचं होतं."

"कुठलं?"

"किती दिवसांनी सांगितलं ते."

बाईंनी टॅब उघडला, थोडा वेळ खालीवर केलं आणि मान हलवली. "नाही हो. ते पुढं गेलं. आता मलाही दिसत नाही. एवढं काही नाही, एखाद्या उत्तरानं सरासरीत फरक पडत नाही."

तेवढ्यात आबांनी आतून हाक दिली. बाजाराच्या टोकापर्यंत ती पोचली असावी.

"दगड गेलाय रे! टाकी लावली पाहिजे! चार माणसं बोलाव! सुताराला हाक मार, त्याच्याकडं पहार आहे!"

वरचा दगड म्हणजे दोन पोत्यांचं वजन. तो उचलून उलटा करायचा, छिन्नीनं त्याच्या खाचा पुन्हा कोरायच्या, आणि परत बसवायचा. चार माणसांशिवाय ते होत नाही. पूर्वी कुणाला बोलवावं लागत नसे. रांगेतले पहिले चौघे डबे खाली ठेवून हात लावत, आणि दगड बसला की त्यांचं दळण आधी. आता रांग नव्हती.

गिरणीवाला सुताराकडं गेला. बारा पावलांचं अंतर. सुतार छपराखाली एका दाराच्या चौकटीवर रंधा मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पहार हवी का?" त्यानं विचारलं. आबांची हाक त्यालाही ऐकू आलीच होती.

"हवी होती. पण त्यासाठी नाही आलो."

रंधा चालू राहिला.

"पाच दिवस," गिरणीवाला म्हणाला. "मी सांगितलं नाही. पहिले दोन दिवस कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळलं."

रंधा अर्ध्या फळीत थांबला.

"आई चौथ्या दिवशी आली होती," सुतार म्हणाला.

"हो."

"उंबऱ्यावर बसली होती."

"हो. मी तिला जा म्हणायला हवं होतं. ती म्हणाली…"

"ती काय म्हणाली ते नको सांगू."

सुतारानं रंध्यात अडकलेला भुसा बोटानं काढला, तो नीट बघितला आणि टाकून दिला.

"बाईला काय सांगितलंस?"

"त्याच दिवशी सांगितलं म्हणून."

"मीही सांगितलं तिला, इथं छपरात आली होती तेव्हा. शेजाऱ्यावर विश्वास आहे का, विचारलं. पूर्ण म्हणालो." त्यानं फळीवर हात फिरवला. "परक्या माणसाला काय सांगायचं."

"तुला ठाऊक होतं?"

"भिंत एक आहे. तुझा खोकला मला ऐकू येत नव्हता होय? पिठाचा कुठला आणि तापाचा कुठला, मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मला वाटलं, तू सांगशील." त्यानं रंधा उचलला. "मीही आईला थांबवलं नाही. गिरणीत नको जाऊ म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं. मग तुझं नाव घ्यावं लागलं असतं."

गिरणीवाल्याला वाटलं आता तो रंधा फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. पण सुतारानं तो पुन्हा फळीवर ठेवला.

"जा आता. मला चौकट द्यायची आहे."

पहार मागायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाल्यानं आणि त्याच्या बायकोनं दगडाच्या फटीत एक फळी घातली. आबा बाजूला छिन्नी-हातोडी घेऊन बसले होते आणि न ऐकता सूचना देत होते. फळी दाबली तसा दगड चार बोटं उचलला गेला. बायकोनं खाली लाकडाचा ठोकळा सरकवायला हात घातला आणि फळी मोडली.

ती ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज झाला. दोन बोटं पेरापर्यंत चेचली होती. नखांखाली रक्त काळं होत होतं आणि त्यावर पीठ चिकटत होतं. तिनं हात पोटाशी धरला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"काय झालं? उचलला का?" आबा ओरडले.

दारात सुतार उभा होता. खांद्यावर पहार. त्यानं आधी तिचा हात पाहिला, मग रस्त्याकडं वळला. रस्त्यावर रेडिओ होता. तो कुठल्याही घटनेच्या आसपास असायचाच.

"ये आत," सुतार म्हणाला.

"मी? मी चाललो होतो जरा…"

"रोज तोंडानं गाव हलवतोस. आज हातानं दगड हलव."

तिघं झाले. चौथं कोण, म्हणून सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. बाकड्यावर पाहणीवाल्या बाई होत्या. त्यांनी टॅब पिशवीत ठेवला, ओढणी कमरेला बांधली.

"बाई, तुम्ही राहू द्या," गिरणीवाला म्हणाला.

"कुठं धरायचं ते सांगा."

पहार आत गेली. दगड वर आला तसे चौघांनी खालून हात घातले. वाकल्यावर चार डोकी जवळजवळ एकमेकांना लागली. गिरणीवाल्याचा श्वास सुताराच्या तोंडावर येत होता. त्यानं तो रोखून धरला.

"श्वास सोड," सुतार दातओठ खात म्हणाला. "नाहीतर दगड सोडशील."

गिरणीवाल्यानं श्वास सोडला. दगड उभा झाला, क्षणभर तोल घेत राहिला, आणि पोत्यांवर उलटा पडला. धुरळा उडाला. चौघांनाही एकदम खोकला आला. चौघंही खोकत एकमेकांकडं बघत राहिले. मग बाईंना हसू आलं, आणि त्यांना आलं म्हणून रेडिओला. बाकी दोघं हसले नाहीत.

आबांनी दुपारपर्यंत टाकी लावली. ऐकू येत नसल्यानं ते दगडावर डावा तळवा ठेवून प्रत्येक घाव हातानं ऐकत. टक, टक, टक. तो आवाज गावभर जात होता आणि गावात सगळ्यांना ऐकू येत होतं. बायकोनं चिंधी बांधलेल्या हातानं पाणी दिलं. बाई प्यायल्या. रेडिओनं माठाकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि प्याला. सुतार तोवर आपल्या छपरात परत गेला होता. दगड बसवायच्या वेळी तो न बोलावता आला, आणि त्याच्यामागून आणखी दोघं आले. आपण सहज चाललो होतो, असं त्यांनी सांगितलं.

टाकी लावल्यावरचं पहिलं दळण माणसाच्या कामाचं नसतं, त्यात दगडाची कच येते. गिरणीवाल्यानं घरचेच गहू टाकले आणि ते पीठ गुरांच्या पाटीत ओतलं. मग पुन्हा थोडे टाकले. पीठ गार आणि मऊ आलं. आबांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"आता ज्यांनी उचलला त्यांचं आधी!" ते ओरडले.

रेडिओ डबा आणायला पळाला. गिरणीवाल्यानं सुताराकडं पाहिलं. सुतार पहारीला लागलेलं पीठ पुसत होता.

"तुझं आण," गिरणीवाला म्हणाला.

"दगड उचलायला आलो होतो," सुतार म्हणाला. "दळणाचं वेगळं आहे." आणि पहार खांद्यावर घेऊन गेला.

बाई दुसऱ्या दिवशी निघाल्या. हे गाव त्यांच्या यादीत सगळ्यात वर होतं. चारपैकी तीन पूर्णांक नऊ. असं कुठंच आलं नव्हतं. कचेरीनं तो आकडा फळ्यावर लिहून ठेवला आणि महिनाभर कुणी पुसला नाही.

त्याच आठवड्यात डबे यायला लागले. आधी रेडिओचा, मग मास्तरांचा, मग पिवळा, मग चेपलेला. सुतार गिरणीत जाऊन आला, एवढं गावानं पाहिलं होतं. ज्याची आई गेली तो आत गेला, तर आपण बाहेर राहून करायचं काय? एका सकाळी अठरा डबे झाले. बायकोनं भावाला निरोप धाडला की गोदामात दुसरं कुणी बघा. तिची दोन नखं गळून पडली होती आणि नवी वाकडी येत होती. त्या हातानं ती डब्यांची झाकणं उघडायला शिकली.

सुताराचा डबा मात्र दर दहा दिवसांनी सायकलवर बांधला जायचा आणि पलीकडच्या गावी जायचा. गिरणीसमोरून जाताना तो चेन बघत नसे. समोर बघत जायचा. गिरणीवाल्याला ते चेन बघण्यापेक्षा अवघड वाटायचं.

एकदा असाच तो निघाला. गिरणीच्या पुढं रस्ता चढाचा आहे, नाल्यावरच्या मोरीपर्यंत. रात्री खडी टाकली होती आणि चाक फिरत नव्हतं. सुतार उतरला, हँडल धरून ढकलायला लागला. या वेळी डबा मोठा होता, पंचवीस किलोचा तरी असेल. सायकल मागं येत होती.

गिरणीवाल्यानं मोटरकडं पाहिलं. वर मास्तरांचे गहू होते.

"मी बघते," बायको म्हणाली.

तो पिठानं भरलेल्या अंगानं तसाच रस्त्यावर गेला. मागून कॅरिअरला हात लावला आणि जोर दिला. सायकल हलकी झाली हे सुताराला कळलंच असणार. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. नको असंही म्हणाला नाही. पाठीचा सदरा घामानं चिकटला होता. दुसऱ्या गिरणीत चाललेला तो डबा दोघं मिळून चढावर नेत होते, आणि खाली गिरणीत रांगेतली माणसं उभी राहून बघत होती.

मोरीवर चढ संपला. गिरणीवाल्यानं हात काढला. डब्यावर त्याच्या दोन्ही पंज्यांचे पांढरे ठसे उमटले होते. ते पुसायला त्यानं पंच्याचं टोक पुढं केलं.

"असू दे," सुतार म्हणाला आणि सायकलवर बसला.